पडद्याकडे पाठ

सर एकच सिनेमा दोनदा बघत. एकदा तुमच्याआमच्यासारखा, आणि दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून.

दुसऱ्या वेळची त्यांची जागा ठरलेली होती. टॉकीजचा डोअरकीपर त्यांना पडद्याखाली भिंतीला लागून एक लाकडी स्टूल मांडून देई. त्यावर घरून आणलेली उशी ठेवून सर प्रेक्षकांकडे तोंड करून बसत आणि मांडीवरच्या वहीत अंधारातच लिहीत. मागे जहाज बुडत असे, माणसं किंचाळत असत, आणि सर समोरच्या रांगेतला एखादा माणूस शेंगा सोलायचा थांबला की नाही ते बघत.

कुठलाही सिनेमा त्यांना चालत नसे. ज्यात पुष्कळ माणसं एकदम संकटात सापडतात, तेवढेच ते बघत. जहाज उलटतं, उंच इमारत पेटते, जमीन दुभंगते, विमानाचा पायलट बेशुद्ध पडतो. त्या वर्षांत इंग्रजीत असल्या सिनेमांचं पीक आलं होतं. मुंबईत लागून गेल्यावर दोनतीन वर्षांनी, ओरखडे पडून पाऊस पडतोय असं वाटणाऱ्या प्रती बेळगावला कॅम्पात रविवारच्या मॉर्निंग शोला येत. सर सातच्या उपासनेला चर्चमध्ये असत आणि साडेदहाला प्रलयाला. शाळेतल्या मुली त्यांना प्रलय मास्तर म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

कॅम्पातल्या आमच्या मिशनच्या शाळेत ते भूगोल आणि धर्मशिक्षण शिकवत. मी गणित शिकवायला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. निपाणीच्या जैन घरातली, तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेली, आणि जगात आपल्याइतकं व्यवहारी कोणी नाही अशी खात्री असलेली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत सर समोर येऊन बसले. नाव नाही, गाव नाही.

"काय ओ बाई, जहाज उलटलं तर तुम्ही कुठं असाल?"

"कुठलं जहाज?"

"कुठलंबी. उलटलं समजा. माणसं पळतात, पाणी चढतंय. तुम्ही काय कराल?"

मला विचार करावाच लागला नाही. "दोर शोधेन. सगळ्यांना रांगेत उभं करेन. आधी मुलं, मग म्हातारी माणसं. आरडाओरडा करणाऱ्याला एक थोबाडीत देईन."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. "सगळे असंच सांगतात," ते म्हणाले. "थोबाडीत तेवढं नवीन आहे."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. माणूस पतित आहे. म्हणजे एखाद्याच माणसाचं बिनसलंय असं नव्हे, सगळीच जात घसरलेली आहे, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो जास्त घसरलेला. संकट आलं की माणूस आधी पळतो, मग देवाचं नाव घेतो, आणि वाचला की सांगतो, मी आधी देवाचं नाव घेतलं. सिनेमावाले मात्र यात लबाडी करतात. लोभी कंत्राटदार मरतो, दुसऱ्याच्या बायकोवर डोळा असणारा मरतो, कुत्र्यासाठी परत फिरणारी मुलगी वाचते, आणि कुत्रंही वाचतं. "देवाचा न्याय एवढा सोपा असता तर आम्हाला धर्मशिक्षणाचे दोन तास कशाला लागले असते?" असं ते विचारत.

पण त्यांचा खरा राग पडद्यावर नव्हताच. "टॉकीजात तीनशे माणसं बसलेली असतात बाई," ते एकदा मला म्हणाले. "पडद्यावर हजारातली दहा वाचतात. आणि ही तीनशेच्या तीनशे त्या दहांत बसलेली असतात. मी तोंडं बघतो ना त्यांची. बुडणाऱ्यांत कोणीच न्हाय." बायबलातल्या महापुरातल्या तारवाची, म्हणजे वाचवणाऱ्या जहाजाची, गोष्ट शिकवतानाही ते हेच करत. वर्गातल्या सगळ्या मुली तारवात जाऊन बसलेल्या असत, जिराफाशेजारी. सर त्यांना एकेक करून बाहेर काढत आणि दारावर थापा मारायला लावत. डेस्कवर थापा मारून मारून शेवटी एखादी रडायला लागे, आणि शेजारच्या वर्गात माझं त्रैराशिक बंद पडे.

एक गोष्ट मात्र ते सिनेमाला माफ करत. अशा प्रत्येक सिनेमात कोणी तरी एक जण दुसऱ्यासाठी मरतो. झडप धरून ठेवतो, दोर सोडून देतो. ते दृश्य जवळ आलं की सर वही मिटत आणि डोक्यावरची टोपी काढत. ते दृश्य बघणाऱ्यांचे चेहरेही ते टिपत नसत. "गोष्ट आमच्याकडूनच घेतलीय त्यांनी," ते म्हणत. "फक्त तो दर वेळी देखणाच का असतो, एवढं कळत न्हाय."

स्वतःसाठी त्यांनी वहीत एक पान राखून ठेवलेलं असे. चहाबरोबर भजी आली की सर सगळ्यांत मोठं भजं उचलत, खात, आणि तेलकट बोटांनीच लिहीत, 'मोठं भजं घेतलं.' पुढच्या वेळी पुन्हा मोठंच घेत. मी विचारलं, "लिहून उपयोग काय मग?" तर म्हणाले, "न लिहिता खाल्लं असतं तर मला वाटलं असतं, हातात आलं ते घेतलं."

त्यांच्या बायकोला या सगळ्याचं कौतुक नव्हतं. नाताळात मी घरी गेले की त्या माझ्यासाठी वेगळ्या ताटलीत करंज्या ठेवत आणि सांगत, "घ्या बाई, अंड्याचा हात न्हाय लागलेला." आणि त्याच दमात, "मोरीचा नळ सा महिने गळतोय. ह्यांना जहाजं बुडायची काळजी."

मी सरांशी वाद घालायची. आमच्यात आत्मा मूळचा स्वच्छ असतो, कर्माची धूळ चिकटते, झाडली की निघते, असं मी त्यांना सांगितलं.

"झाडू कोण मारणार?" सर म्हणाले.

"ज्याचा त्यानं."

"मग तुमची खोली कशी आहे ती एकदा बघायला पायजे."

माझी खोली टिळकवाडीत होती. घरमालकीण सकाळी पाऊण तास पाणी सोडायची आणि दारात उभं राहून माझ्या बादल्या मोजायची. त्यामुळे शाळेच्या हॉस्टेलच्या जुन्या वॉर्डनबाई सोडून जाणार असं कळलं तेव्हा मला त्या नोकरीपेक्षा तिच्याबरोबर मिळणारे क्वार्टर दिसले. दोन खोल्या, मागे चिंचेचं झाड आणि स्वतःचा नळ. त्या नळासाठी मी वॉर्डन व्हायचं ठरवलं. मुलींच्या कल्याणाविषयी अर्जात जे लिहिलं ते नंतर सुचलं.

निवड करणारे तिघे होते. प्रिन्सिपलबाई, चर्चचे पाळक आणि सर. उमेदवार दोघी, मी आणि शिवणाच्या बाई. प्रिन्सिपलबाईंनी आम्हा दोघींना एकेक रविवार हॉस्टेलच्या मुली सांभाळायला दिल्या. शिवणाच्या बाईंनी मुलींना घेऊन प्रार्थनागीतं बसवली. माझ्या रविवारी जळत्या इमारतीचा सिनेमा होता. सरांनी प्रिन्सिपलबाईंना पटवलं की यात शास्त्राचा मोठा धडा आहे, आणि बारा मुलींना घेऊन मी निघाले.

निघण्यापूर्वी मी मुलींना व्हरांड्यात उभं करून शिस्त सांगितली. टॉकीजात मी ऊठ म्हटल्याशिवाय कोणी उठायचं नाही. लघवीला नाही, पाण्याला नाही, कशालाही नाही. तीन वेळा म्हणून घेतलं. मला माझा आवाज त्या दिवशी फार आवडला होता.

टॉकीजात बारा जणींना एका रांगेत बसवलं आणि मी कडेच्या खुर्चीवर बसले, बाजूच्या दाराला लागून. जबाबदार माणसानं कडेला बसावं, असं मी मुलींना सांगितलं. पायातल्या कोल्हापुरी चपला नव्या होत्या, चावत होत्या, म्हणून त्या काढून खुर्चीखाली सारल्या. सर हा सिनेमा आधीच्या रविवारी बघून गेले होते. म्हणजे आज पाठ करून बसायचा वार. ते आपल्या स्टुलावर, आमच्याकडे तोंड करून.

मध्यंतरानंतर इमारत चांगली पेटली होती. वरच्या मजल्यावर अडकलेली माणसं एकमेकांना ढकलत होती, आणि मी मनातल्या मनात त्यांना रांगेत उभं करत होते. तेवढ्यात प्रोजेक्टरच्या उजेडाच्या पट्ट्यात धूर दिसला. पडद्यावरचा नव्हे, आमच्या डोक्यावरचा. मग वास आला. मागून कोणी तरी खोकलं, कोणी तरी म्हणालं, "आयला, खराच धूर हाय की रं."

हंगाम संपला की आमच्या वखारीमागं तंबाखूच्या काड्या जाळत, तो धूर खात मी लहानाची मोठी झाले. धुराचं मला काही वाटत नाही, असं मी स्टाफरूममध्ये अनेकदा सांगितलं होतं.

यानंतरचं मला आठवतं ते थेट रस्त्यावरचं. ऊन होतं. समोर बेकरी होती आणि बेकरीवाला माझ्या पायांकडे बघत होता, कारण मी अनवाणी होते. पर्स काखेत होती. ती मी कधी उचलली कोण जाणे, पण उचलली होती. मी ओरडले की नाही याबद्दल पुढे हॉस्टेलात दोन मतं होती. एक गट म्हणे मी "अगं आई गं" म्हणाले, दुसरा म्हणे नुसतं "आई". 'मुलींनो' असं म्हणाले, असं मात्र कोणीच म्हणालं नाही. माझ्यामागून आणखी सातआठ माणसं बाहेर आली. मी त्यांच्यात माझ्या मुली शोधायला लागले, तेव्हा लक्षात आलं की मुली आत आहेत.

मी परत आत गेले. आता धूर दाट होता आणि डोळे चुरचुरत होते. बाराही मुली रांगेत बसल्या होत्या, ओढण्या तोंडाला लावून, हाताला हात धरून. सर स्टुलावरूनच मोठ्यानं सांगत होते, "आग न्हाय, बसा. झाडणारीनं दाराबाहेर पाला पेटवलाय. बसा शांत."

मागच्या दाराचा पडदा कोणी तरी बाजूला सारला होता, आणि बाहेर टॉकीजची झाडणारी बाई निलगिरीच्या वाळक्या पानांचा ढीग पेटवून उभी होती. हॉलमध्ये सगळ्यांची त्या दाराकडे पाठ होती. पडद्याकडे पाठ असलेला एकच माणूस होता, म्हणून त्याला ते पहिल्यापासून दिसलं. आणि पडद्यावरच्या आगीच्या लखलखीत उजेडात, काखेत पर्स मारून निघालेली मीही त्याला पहिल्यापासून दिसले.

मी त्यातल्या मोठ्या मुलीला विचारलं, "तुम्ही उठला का नाहीत?"

"तुमीच सांगितलासा न्हवं बाई," ती म्हणाली, "उठ म्हटल्याबिगर उठायचं न्हाय म्हणून."

त्या वाक्यावर मी घरी जाऊन दोन वेळा जेवले नाही, असं लिहिलं तर शोभेल. पण मी जेवले. मग बसून हिशेबीपणानं विचार केला. मुली प्रिन्सिपलबाईंपर्यंत जाणार नाहीत, त्या मला घाबरतात. राहिले सर. मुलाखत बुधवारी होती. सोमवारी मी शहापुरातून चांगला खव्याचा कुंदा आणला, डब्यात भरला आणि सरांच्या घरी गेले. प्रिन्सिपलबाईंना सांगायची गोष्टही तयार होती. बाहेरचा रस्ता मोकळा आहे का ते बघायला मी पुढे गेले होते.

सरांनी कुंदा खाल्ला. छान आहे म्हणाले. शेवटचा घास खाऊन डबा स्वतः धुऊन दिला आणि सिनेमाबद्दल चकार शब्द काढला नाही. दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा मीच न राहवून विचारलं, "सर, तुम्ही कसे बसून राहिलात?"

"मला दिसत होतं ना, पालापाचोळा आहे म्हणून. आणि गुडघा धरला होता माझा. दिसलं नसतं आणि गुडघा बरा असता, तर रस्त्यावर तुमच्या पुढं असतो मी."

मुलाखतीत आधी शिवणाच्या बाई आत गेल्या. दार उघडंच होतं. "प्रसंग आला तर मी मुलींसाठी माझा जीव देईन," असं त्या म्हणालेल्या मला बाहेर ऐकू आलं, आणि पाळकांचं "वा, वा" सुद्धा. मग माझी पाळी आली. हिशेब, स्वयंपाकघर, आजारी मुली, सगळं मी धडाधड सांगितलं. प्रिन्सिपलबाई खूश दिसत होत्या. स्वतःचा नळ मला स्पष्ट दिसत होता.

सरांनी वही उघडली. "रविवारी टॉकीजात धूर आला तेव्हा तुम्ही काय केलं?"

तयार गोष्ट जिभेवर होती. पण समोर तो माणूस बसला होता, ज्यानं सगळं बघितलं होतं, आणि हॉस्टेलात बारा साक्षीदार होते. खोटं टिकलं नसतं. मी खरं बोलले यात माझा मोठेपणा एवढाच.

"पळाले," मी म्हणाले. "पर्स घेऊन. मुली आत आहेत हे रस्त्यावर गेल्यावर आठवलं."

पाळकांनी चष्मा काढला. प्रिन्सिपलबाई म्हणाल्या, "मुली का बसून राहिल्या मग?"

"मी उठायला मनाई केली होती. खरी आग असती तर माझ्या शिस्तीनं मेल्या असत्या."

मी टिळकवाडीतल्या बादल्यांचा विचार करायला लागले होते. मग सरांनी विचारलं, "हॉस्टेलच्या दाराला आठ वाजता बाहेरून कुलूप लागतं. जुन्या बाई किल्ली उशाखाली ठेवत. तुम्ही कुठं ठेवाल?"

याचं उत्तर तयार नव्हतं. जे आलं ते तोंडातून गेलं.

"माझ्याजवळ नको. माझ्याजवळ ठेवली तर मी किल्ली घेऊन पळेन."

सर हसले नाहीत. वळून पाळकांना म्हणाले, "जीव देणार म्हणणाऱ्या बाई चांगल्या आहेत. पण त्या खरंच देतील की न्हाय, हे आपल्याला आग लागल्यावर कळणार. ह्यांचं आजच कळलंय. ज्याला आपण पळतो हे ठाऊक आहे, तो माणूस आधी दार उघडं ठेवतो."

पाळकांना ते पटलं नाही. प्रिन्सिपलबाईंना पटलं की नाही ते मला कधी कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. मला जागा मिळाली, एका अटीवर. अट सरांनी घातली. बाहेरचं कुलूप काढायचं, आतून कडी बसवायची.

मी त्याच्यापुढे गेले. खिडक्यांचे दोन गज निघतील असे करून घेतले. महिन्यातून एकदा मुलींना न सांगता घंटा वाजवून बाहेर पळायला लावू लागले, आणि पहिला नियम घातला की पळताना माझी वाट बघायची नाही, बहुधा मी पुढेच असेन. मुली हसत. मी विनोद करत नव्हते. चौदा वर्षं मी ते हॉस्टेल सांभाळलं. उत्तम वॉर्डन म्हणून माझं नाव झालं, आणि त्या नावाचा पाया काय आहे हे मी कोणाला सांगत बसले नाही.

सर निवृत्त झाले तोवर घरोघरी व्हिडिओ आला होता. मॉर्निंग शो ओस पडले. शेजाऱ्यांनी एकदा त्यांना भूकंपाचा सिनेमा बघायला घरी बोलावलं. सर टीव्हीकडे पाठ करून बसले. समोर यजमान, यजमानीणबाई आणि त्यांच्या आई, तिघंच. अर्ध्या तासात उठून आले. मला म्हणाले, "चारचौघांत बसल्यावर माणूस तोंड सांभाळतो बाई. तो अंधार पायजे."

ते गेले त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या बायको हॉस्टेलवर आल्या. हातात तपकिरी कव्हराची एक वही होती. "सगळ्या रद्दीत घालणार होते," त्या म्हणाल्या. "हीत तुमचं नाव दिसलं. मोरीचा नळ तसाच गळतोय बघा अजून."

मी वही घेतली आणि चिंचेखाली बसून वाचली. 'दोर, रांग, थोबाडीत' हे माझं पहिल्या दिवशीचं उत्तर होतं. त्यांच्या स्वतःच्या पानावर भजी होती. त्याच पानावर खाली होतं, 'बाईंचा कुंदा खाल्ला. कशासाठी आणला ते ठाऊक असून खाल्ला. पुन्हा मागून घेतला.'

आणि त्या रविवारचं एक वेगळं पान होतं. अंधारात लिहिलेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. कोण शेंगा खाता खाता थांबलं, कोण बायकोला टाकून निघालं, कोण धूर गेल्यावर येऊन बायकोवरच ओरडलं. शेवटी माझं होतं. 'बाई पळाल्या. सगळ्यांच्या आधी. परत आल्या. धुरात परत आलेल्या त्या एकट्याच, आणि तेव्हा धूर जास्त होता. आग नाही हे त्यांना माहीत नव्हतं. आधी मुली मोजल्या, मग चपला घातल्या.'

मी ते तीनचार वेळा वाचलं. सर खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. पण त्यांचा चष्मा धुरानं भरलेला, अंतर बरंच, आणि पडद्यावरची आग तोवर विझत आलेली.

मला मुली आणि चपला उलट्या क्रमानं आठवतात.